जंगलवाटेचा वाटाड्या : गाडीतील नकाशायंत्र घेण्यापूर्वी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कापड, भांडी किंवा किराणा गाडीत भरून आठवडी बाजार करणाऱ्या बंधूंना अलीकडे एक प्रश्न वारंवार पडतो. गाडीच्या डॅशबोर्डात बसणारे, पडद्यावर रस्ता दाखवणारे यंत्र घ्यावे की नाही, आणि घ्यावयाचे तर कोणते? ताडोबा, मार्कंडा, हेमलकसा, सिरोंचा येथे प्रवासी घेऊन जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांपुढेही हाच प्रश्न आहे. शहरातला दुकानदार पडद्याची रुंदी आणि गाण्याचा आवाज दाखवून माल विकतो. परंतु आपली गाडी जेथे जाते तेथे गाण्याचा काही उपयोग नसतो. तेथे उपयोगी पडते ती खरी वाट. म्हणून या लेखात या यंत्राची पारख कशी करावी, एवढाच विषय घेतला आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी सुमारे अडीच लाखांचा माल घेऊन मी एटापल्लीच्या पलीकडे बाजाराला गेलो होतो. गाडीत नवीनच यंत्र बसवले होते. विकणाऱ्याने "सगळा नकाशा आत भरलेला आहे" असे छातीठोक सांगितले होते. परतताना अंधार पडला, पाऊस सुरू झाला आणि पडद्यावरचा नकाशा नाहीसा झाला. राखी रंगाच्या पाटीवर गाडीचा बाण तेवढा फिरत राहिला, आणि आधीच आखलेली निळी रेघ आम्हांला एका कच्च्या वाटेकडे वळवू लागली. वळणावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात करून गाडी थांबवली. "सेठ, तिकडून नोका जाऊ. वरतं पाणी पडला आहे, नाला भरला असन," तो म्हणाला. ती रात्र आम्ही त्याच्याच गावी शाळेच्या ओसरीवर काढली. सकाळी जाऊन पाहिले तर रपट्यावरून छातीएवढे पाणी वाहत होते आणि कठड्याला एक अख्खे झाड अडकले होते. नंतर कळले की नकाशा यंत्रात नव्हताच. तो फोनच्या इंटरनेटवरून येत होता, आणि फोनला रेंज नव्हती. माझे चुकले ते असे, की घेताना मी विचारावयाचे ते विचारलेच नाही.

रस्ता कोणता, हे आधी ठरवा

विलायती मासिकांत 'ऑफ-रोड' म्हणजे रस्ता सोडून रानात गाडी घालणे असा अर्थ असतो. आपल्याकडे तो अर्थ घेऊ नये. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. राखीव जंगलात वाट सोडून गाडी घालणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा ठरू शकते, आणि अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने मना केले आहे. ताडोब्याच्या गाभ्यातील सफारीही नोंदणी केलेल्या जिप्सीतून आणि गाईडसह होते. तेथे आपल्या गाडीतील यंत्राचे काम प्रवेशद्वारापर्यंतच.

आपला 'ऑफ-रोड' म्हणजे पांदण, बैलवाट, मुरमाचा रस्ता, खडी उखडलेला डांबरी रस्ता, नाल्यावरचा रपटा आणि वनखात्याचा नाका असलेली वाट. हे रस्ते ऋतूप्रमाणे बदलतात. फेब्रुवारीत जी वाट बारा किलोमीटर वाचवते, तीच ऑगस्टमध्ये गाडी बुडवते. आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता पर्लकोटेला पूर आला की बंद पडतो आणि भामरागड तालुका जगापासून तुटतो, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात आपण वाचतोच. तेव्हा यंत्र निवडताना पहिला प्रश्न असा असावा : माझ्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्या रेंज नसलेल्या भागात आणि पावसाळ्यात होतात? निम्म्याहून अधिक होत असतील, तर शहरासाठी बनवलेले यंत्र आपल्या कामाचे नाही.

एकाच खोक्यात तीन वेगळ्या गोष्टी

बहुतेक लोकांचा गोंधळ येथे होतो. नकाशायंत्र ही एक वस्तू नसून तीन वस्तू एकत्र आहेत. पहिली, उपग्रहाचे संकेत घेऊन 'तुम्ही कोठे आहात' हे सांगणारा भाग. दुसरी, 'आजूबाजूला काय आहे' हे सांगणारा नकाशा. तिसरी, 'कोणत्या वाटेने जावे' हे सुचवणारा हिशेब. या तिन्हींचे दोष वेगवेगळे असतात. माझ्या त्या रात्री उपग्रहाचा भाग बरोबर होता, नकाशा गैरहजर होता आणि वाटेचा हिशेब चुकीचा होता. बाण बरोबर फिरतो आहे म्हणून सगळेच बरोबर आहे असे मी समजलो. कापडाच्या गाठीत वरचे ठाण चांगले म्हणून सबंध गाठ घेणाऱ्यासारखेच ते झाले.

उपग्रहाचा भाग

अमेरिकेची 'जीपीएस' व्यवस्था १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. संकेत किती वेळात पोहोचला यावरून यंत्र अंतर काढते. घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणून ठिकाण काढण्यासाठी तीन नव्हे, तर किमान चार उपग्रह लागतात. चौथा घड्याळाची चूक सुधारण्यासाठी. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठी या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाल्यावरच गाडीला रस्ता दाखवण्याइतकी अचूकता सर्वांना मिळाली. आज मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच-दहा मीटरपर्यंत ठिकाण बरोबर येते.

आता रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या व्यवस्थाही आहेत. आपल्या देशाची 'नाविक' आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी. मात्र तिच्या काही उपग्रहांतील आण्विक घड्याळे बिघडली. पुढे २९ मे २०२३ रोजी नव्या पिढीचा एनव्हीएस-०१ सोडण्यात आला. साध्या फोनमधील यंत्रणेला वाचता येईल असा एल-१ पट्ट्याचा संकेत त्यात प्रथमच दिला आहे. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. यातून व्यापाऱ्याने बोध घ्यावा तो असा, की डब्यावर 'नाविक' लिहिले आहे एवढ्यावर जादा पैसे मोजू नयेत, आणि नुसत्या जीपीएसवर चालणारे यंत्रही घेऊ नये. तीन-चार व्यवस्थांचे संकेत एकत्र घेणारे यंत्र घ्यावे. याचे कारण आपल्या जंगलातच आहे. दाट पानांखाली, विशेषतः पाने पावसाने भिजलेली असताना, संकेत क्षीण होतात. एका व्यवस्थेचे चार उपग्रह दिसले नाहीत तरी सगळ्या मिळून पुरेसे दिसतात. उन्हाळ्यात सागाची पाने झडतात तेव्हा हेच यंत्र त्याच वाटेवर चांगले चालते. म्हणून मे महिन्यात केलेली परीक्षा ऑगस्टसाठी ग्राह्य धरू नये.

आणखी दोन बारकावे. फोन शहरात काही सेकंदांत ठिकाण सांगतो, कारण उपग्रहांची माहिती त्याला इंटरनेटवरून आयती मिळते. रेंज नसताना ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि बराच वेळ बंद राहिलेल्या यंत्राला त्यासाठी काही मिनिटे लागू शकतात. म्हणून गाव सोडण्यापूर्वी मोकळ्या जागी यंत्र सुरू करून ठेवावे. दुसरे म्हणजे, उभ्या गाडीत यंत्राला दिशा कळत नाही. गाडी चालू लागल्यावरच बाण खरा होतो. आमच्या उर्दू शाळेत जुगराफियाच्या तासाला मास्तर कुतुबनुमा, म्हणजे होकायंत्र, दाखवत असत. तो उभ्या माणसालाही उत्तर दाखवतो. पाच-पन्नास रुपयांची ही वस्तू आजही गाडीच्या खणात ठेवण्याजोगी आहे.

नकाशाचा भाग

नकाशा हे किती कष्टाचे काम आहे याची साक्ष आपल्या शेजारीच आहे. १८०२ मध्ये मद्रासहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन हे २० जानेवारी १८२३ रोजी मोजणीच्या प्रवासातच हिंगणघाट येथे मरण पावले. कापसाच्या बाजारासाठी आपण ज्या हिंगणघाटला जातो, तेच हे गाव. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र घेऊन ही माणसे रानोमाळ फिरली, तेव्हा आजच्या नकाशाचा पाया घातला गेला.

पाया जुना असला तरी वरचे घर रोज बदलते. सिरोंच्याजवळ गोदावरीवर पूल होऊन पलीकडे तेलंगणातील कालेश्वरला गाडी थेट जाऊ लागली ती गेल्या दहा-बारा वर्षांतच. त्याआधीच्या कार्डावर तेथे नदी आहे, रस्ता नाही. म्हणून पहिला प्रश्न : नकाशा कोणत्या वर्षाचा आहे, आणि नवा घालण्यास काय खर्च येतो? काही यंत्रांत नवा नकाशा फुकट मिळतो, काहींत दरवर्षी पैसे भरावे लागतात, तर काहींत मिळतच नाही. शेवटच्या प्रकारचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी ते मुदत संपलेल्या मालासारखे आहे.

दुसरा प्रश्न : नकाशा यंत्राच्या आत आहे की इंटरनेटवरून येतो? आज बाजारातील अनेक यंत्रे नुसता पडदा पुरवतात. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले या सोयीने फोनमधील नकाशाच मोठ्या पडद्यावर दिसतो. ही सोय वाईट नाही, मात्र त्या फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवलेला असला पाहिजे. गुगलचा नकाशा ठरावीक भागापुरता उतरवून ठेवता येतो; त्याला मुदत असते, म्हणून अधूनमधून तो ताजा करावा. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी बनवलेला नकाशा आहे. त्यावर चालणारी ओस्मअँड व ऑर्गॅनिक मॅप्स ही साधने सबंध राज्याचा नकाशा फोनमध्ये ठेवतात आणि त्यात अनेकदा पायवाटाही सापडतात. मॅपमायइंडिया ही १९९५ पासूनची भारतीय कंपनी असून तिचा नकाशा आता मॅपल्स या नावाने मिळतो. यांतील एकच श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. आपल्या ओळखीची पाच लहान गावे तिन्हींत शोधून पाहावीत. ज्यात अधिक सापडतील तो नकाशा आपला.

तिसरी गोष्ट नावांची. आष्टी गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आहे, वर्धा जिल्ह्यात आहे आणि बीड जिल्ह्यातही आहे. नवेगाव म्हणावे तर ताडोब्याचे एक प्रवेशद्वार नवेगाव, आणि गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध निराळे. देसाईगंज आणि वडसा ही एकाच गावाची दोन नावे. मोहर्ली, आलापल्ली, एटापल्ली यांची इंग्रजी अक्षरे प्रत्येक नकाशात वेगळी असतात. म्हणून नावावर भरवसा न ठेवता अक्षांश-रेखांश घालता येतील असेच यंत्र घ्यावे. चंद्रपूर शहर सुमारे १९.९५ उत्तर, ७९.३० पूर्व येथे आहे. एक अंश अक्षांश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर; म्हणून दशांश चिन्हानंतर तीन आकडे लिहिले तर ठिकाण सुमारे शंभर मीटरपर्यंत बरोबर येते, चार लिहिले तर दहा मीटरपर्यंत. येथे एक चूक अनेक जण करतात. १९ अंश ३० मिनिटे म्हणजे १९.३० नव्हे, तर १९.५०, कारण एका अंशात साठ मिनिटे असतात. ही चूक झाली तर गाडी सुमारे २२ किलोमीटर भलतीकडे जाईल. पैसा-रुपयाच्या हिशेबात आपण फसत नाही, तसेच येथेही फसू नये.

वाट सुचवणारा हिशेब

यंत्र वाट कशी सुचवते? प्रत्येक प्रकारच्या रस्त्याला ते एक वेग गृहीत धरते आणि कमीत कमी वेळाची किंवा कमीत कमी अंतराची बेरीज शोधते. रस्ता कागदावर ज्या वर्गात नोंदलेला आहे त्याप्रमाणे हा वेग ठरतो. खडी उखडली आहे, रपटा वाहून गेला आहे, नाका रात्री बंद होतो, हत्तींचा कळप वाटेवर आहे, यातले काहीही त्या बेरजेत येत नाही. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीत वावरत आहेत, हे कोणत्या पडद्यावर दिसते?

या आंधळ्या हिशेबाने माणसे मेली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतुळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर नकाशाच्या सांगण्यावरून गेली. दोघे पोहून वाचले, चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र तो शाबूत होता. दोन्ही ठिकाणी उपग्रहाने सांगितलेली जागा बरोबरच होती. चूक होती ती रस्त्याच्या माहितीत.

म्हणून यंत्रात तीन सोयी असाव्यातच. एक, 'कच्चा रस्ता टाळा' असे सांगण्याची. दोन, 'कमी अंतर' ऐवजी आपण निवडलेल्या गावांवरून वाट आखण्याची. म्हणजे आष्टी, आलापल्ली, मग पुढे, अशी. तीन, आणि ही सर्वांत मोलाची, आपण आलेल्या वाटेची रेघ नोंदवून ठेवण्याची. ज्या वाटेने सकाळी भरलेली गाडी सुखरूप आली, त्याच वाटेने संध्याकाळी रिकामी गाडी परत नेणे हा जंगलातला सर्वांत भरवशाचा हिशेब होय. चकवा लागण्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. ही रेघ त्यावर चांगला उपाय आहे. ती जीपीएक्स नावाच्या स्वरूपात बाहेर काढता येते का तेही पाहावे. म्हणजे एका भावाची तपासलेली वाट दुसऱ्या भावाच्या यंत्रात घालता येते.

खोक्याची पारख

गाडीत रस्ता दाखवण्याचा प्रयत्न जुना आहे. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने उपग्रहाशिवाय, वायूवर चालणाऱ्या जायरोस्कोपने दिशा ओळखणारे यंत्र गाडीत बसवले होते. नकाशा पारदर्शक फितीवर असे. १९९० मध्ये माझ्दाने जीपीएस असलेली गाडी आणली. जायरोस्कोप आजही चांगल्या यंत्रांत असतो आणि झाडांखाली संकेत तुटला तर काही वेळ वळणे तो मोजत राहतो. गाडीच्या वेगाची तारही यंत्राला जोडलेली असेल तर हे काम अधिक बरे होते. हे दोन्ही आहे का, हे विचारावे.

आकार पाहावा. जुन्या गाड्यांत १८० × ५० मिलिमीटरची एकेरी खाच असते, नंतरच्या गाड्यांत साधारण तिच्या दुप्पट उंचीची दुहेरी. हल्लीचे नऊ इंची पडदे चौकट लावून बसवतात. मोठा पडदा पुढे लटकत असेल तर खडबडीत रस्त्यावर त्याचे स्क्रू ढिले होतात. मागून पट्टीचा आधार दिलेला असावा.

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि काच बंद करून उभ्या गाडीत डॅशबोर्ड त्याहूनही कितीतरी तापतो. यंत्र किती तापमानापर्यंत चालते हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. पडदा दुपारच्या उन्हात दिसला पाहिजे आणि रात्री आपोआप मंद झाला पाहिजे, नाहीतर अंधारात डोळे दिपतात. आवाजासाठी फिरवायचे बटन असलेले यंत्र बरे. खड्ड्यांच्या रस्त्यावर काचेवर बोट टेकत नाही. नकाशा मेमरी कार्डावर असेल तर धक्क्याने ते सरकत नाही ना, हे पाहावे. मराठी आवाजात सूचना मिळत असतील तर ड्रायव्हरला पडद्याकडे पाहण्याची गरज कमी पडते.

दुकानात घ्यावयाच्या पाच परीक्षा

१. आपल्या फोनचे इंटरनेट बंद करावे आणि दुकानदाराचेही बंद करावयास लावावे. मग यंत्रात गडचिरोली ते भामरागड ही वाट काढावयास सांगावी. नकाशा मोठा करत जावा. गावांची नावे दिसेनाशी झाली तर नकाशा आत नाही.

२. यंत्र बाहेर नेऊन बंद-चालू करावे व ठिकाण येण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे.

३. अक्षांश-रेखांश घालून ठिकाण शोधावे. ही सोय सापडत नसेल किंवा विकणाऱ्यालाच माहीत नसेल, तर पुढच्या दुकानात जावे.

४. गाडीत बसवून वीस मिनिटे चालवावे व आलेल्या वाटेची रेघ नोंदली गेली का ते पाहावे.

५. भर दुपारी उन्हात पडदा वाचून पाहावा.

ही पाच कामे करू देण्यास जो दुकानदार कुरकुर करतो, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये. आपण गिऱ्हाइकाला ठाण उलगडून दाखवतो, मग त्यानेही दाखवावे. बिलावर यंत्राचा नंबर आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. नकाशाबद्दल तोंडी दिलेले वचनही बिलावरच लिहून घ्यावे. हे मी पहिल्या वेळी केले असते तर पुढची तक्रार करता आली असती.

बसवणी

कापडाने भरलेल्या गाडीत ढिली तार म्हणजे आगीला आमंत्रण. तार मधूनच सोलून टेपने गुंडाळणाऱ्या कारागिराकडून काम करून घेऊ नये. योग्य क्षमतेचा फ्यूज घालून, गाडीच्या मॉडेलला जुळणारा जोडतुकडा वापरून यंत्र बसवावे. नव्या गाडीची मूळ तार कापल्यास कंपनीची हमी जाऊ शकते, हेही आधी विचारावे. उपग्रहाचा संकेत घेणारा छोटा अँटेना काचेखाली, आकाश दिसेल असा ठेवावा. पत्र्याखाली दडवू नये. चावी काढल्यावर यंत्र बंद होते का हे पाहावे, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

पैशाचा हिशेब

समजा महिन्यात दोन वेळा वाट चुकते आणि दर वेळी ४० किलोमीटर जादा पडतात. गाडी लिटरला १० किलोमीटर चालत असेल आणि डिझेल ९० रुपये धरले, तर महिन्याला ७२० रुपये, वर्षाला ८,६४० रुपये वाया जातात. बाजाराला उशीर झाल्याने बुडालेली विक्री वेगळी. ज्याची चुकामूक इतकी होते त्याने चांगले यंत्र घेतले तर पैसे वसूल होतात. पण जो वर्षानुवर्षे त्याच चार बाजारांना जातो, त्याला वाटा तोंडपाठ असतात. त्याने फोनमध्ये नकाशा उतरवून पक्क्या स्टँडवर लावला तरी पुरे. उधारीवर मोठा पडदा घेण्यापेक्षा तेवढ्या रकमेत चांगले टायर घ्यावेत, असे मी सांगेन. टॅक्सीचा धंदा करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला रोज नवे ठिकाण असते, म्हणून डॅशबोर्डातील यंत्र हे त्याच्यासाठी धंद्याचे अवजार आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी

मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून केलेल्या बदलाप्रमाणे गाडी चालवताना हातातील फोनसारखे साधन फक्त वाट पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येते. म्हणून पत्ता घालणे, शोधणे हे काम गाडी उभी करूनच करावे. प्रवासी वाहनांना लागणारे, संकटाच्या बटनासह असलेले मागोवा-यंत्र हे वेगळे आहे. ते गाडी कोठे आहे हे दुसऱ्याला सांगते, चालकाला वाट दाखवत नाही. एक घेतले म्हणून दुसऱ्याची गरज संपली असे समजू नये.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. उपग्रहाचा संकेत फक्त घेणारे यंत्र वापरण्यास हरकत नाही. परंतु उपग्रहावरून बोलणारे फोन किंवा संदेश पाठवणारी उपकरणे सरकारच्या परवानगीवाचून बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे. परदेशातून नातेवाईक अशी वस्तू भेट म्हणून आणतात. तिला हात लावण्यापूर्वी चौकशी करावी.

शेवटी

माझ्या गाडीत आता नवे यंत्र आहे, त्यात नकाशा आत भरलेला आहे. फोनमध्ये दुसरा नकाशा आहे, खणात सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची घडी आणि कुतुबनुमा आहे. तरीही पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडण्यापूर्वी मी गाडी थांबवतो. चहाच्या टपरीवर, वनखात्याच्या नाक्यावर किंवा पोलीस मदत केंद्रात विचारतो : पुढे नाल्याला पाणी किती? रात्र पडली असेल तर पुढे जात नाही. विचारताना 'हा रस्ता चांगला आहे ना?' असे विचारू नये, कारण आपले मन राखण्यासाठी लोक 'हो' म्हणतात. 'आज या वाटेने कोणती गाडी आली?' असे विचारावे. बैलगाडी आली म्हणजे आपली गाडी जाईलच असे नाही. ट्रॅक्टर आला म्हणजेही नाही. आपल्या गाडीसारखी गाडी आजच आली असेल, तरच पुढे जावे.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो आणि एक धोतरजोडी दिली. तो पैसे देऊ लागला, मी घेतले नाहीत. तेव्हापासून त्या वळणाचे अक्षांश-रेखांश माझ्या यंत्रात नोंदलेले आहेत, आणि नोंदीपुढे लिहिले आहे : येथे थांबून विचारणे.